अँटीबॉडी प्लेटलेटला कुठे धरते, त्यावर सगळं ठरतं

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या रिपोर्टवर प्लेटलेटच्या रकान्यात ४०,००० आलं की घरचे एकच विचारतात, ‘रक्तस्राव होईल का?’ प्रश्न रास्त आहे, पण निम्माच. हाच आकडा किमान चार वेगळ्या परिस्थितींत येतो. एकीत हिरड्यांतून रक्त येतं. दुसरीत पायाच्या शिरेत गुठळी होते. तिसरीत मेंदूच्या आणि हृदयाच्या बारीक वाहिन्या बुजतात. चौथीत माणूस ठणठणीत असतो, जे घडलं ते फक्त नळीत घडलेलं असतं. चारही ठिकाणी मुळाशी अँटीबॉडीच असते, शरीराने स्वतःच्याच कशाला तरी शत्रू समजून तयार केलेली. ती नेमकी कशाला चिकटते आणि चिकटल्यावर पुढे काय होतं, एवढ्यावरून उपचार उलटसुलट होतात.

प्लेटलेट एकमेकींना धरतात कशा?

प्लेटलेट म्हणजे पूर्ण पेशीही नव्हे. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाची एक अवाढव्य पेशी असते, तिचे हे तुकडे. आकार २ ते ३ मायक्रॉन, आत केंद्रक नाही, आयुष्य ७ ते १० दिवस. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात आणि एकूण साठ्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश प्लीहेत मुक्काम करून असतात.

रक्तवाहिनीचं अस्तर फाटलं की खालचं कोलॅजन उघडं पडतं. त्यावर व्हॉन विलेब्रांड फॅक्टर हे लांबलचक दोरीसारखं प्रथिन येऊन बसतं. वेगाने वाहणारी प्लेटलेट धावत्या लोकलचा दांडा पकडावा तशी ही दोरी पकडते. पकडायचा तिचा हात म्हणजे ग्लायकोप्रोटीन वन-बी. वेग कमी झाला की ती जागी होते, गोल थाळीची काटेरी होते आणि पोटातले एडीपी वगैरे पदार्थ बाहेर टाकते. त्याने शेजारच्या जाग्या होतात. मग खरं काम करणारा दुसरा हात उघडतो, ग्लायकोप्रोटीन टू-बी/थ्री-ए. एका प्लेटलेटवर असे सुमारे ८०,००० हात असतात. एरवी ते मिटलेले असतात. उघडले की रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचा रेणू दोन प्लेटलेटच्या मध्ये पुलासारखा बसतो. असे हजारो पूल म्हणजे पुंजका.

वन-बी आणि टू-बी/थ्री-ए ही दोन नावं लक्षात ठेवली तरी पुढचं बरंचसं सोपं जाईल.

पहिला संशय नळीवर

सीबीसीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. नळीत ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. गंमत अशी, की टू-बी/थ्री-ए ही दोन प्रथिनांची जोडी कॅल्शियमच्याच आधाराने उभी असते. कॅल्शियम गेलं की जोडी सैल होते आणि एरवी आत दडलेला तिचा भाग उघडा पडतो. काही माणसांच्या रक्तात नेमकी त्या दडलेल्या भागाला चिकटणारी अँटीबॉडी असते. शरीरात तो भाग तिला कधी दिसत नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षं कुणाला त्रास न देता फिरते. नळीत मात्र कॅल्शियम जातं, रक्त ३७ अंशांवरून खोलीच्या तापमानाला उतरतं आणि प्लेटलेट भराभर एकमेकींना चिकटतात. ढोबळमानाने हजारात एखाद्या माणसाच्या बाबतीत हे होतं. काम किरकोळ, गोंधळ मोठा.

मोजणीचं यंत्र प्लेटलेट ओळखतं ती आकारावरून. साधारण २ ते २० फेम्टोलिटरचा कण दिसला की ती प्लेटलेट. वीस-पंचवीस प्लेटलेटचा पुंजका त्या चौकटीत बसत नाही. यंत्र त्याला वगळतं, किंवा पांढरी पेशी समजून मोजतं. म्हणून प्लेटलेट एकदम कमी, पांढऱ्या पेशी थोड्या जास्त, यंत्राने काढलेला आकारांचा आलेख दातेरी आणि पेशंटच्या अंगावर एकही डाग नाही, असं चित्र असलं तर आकड्यावर विश्वास ठेवू नये. नमुना घेतल्या घेतल्या मोजला तर १,६०,००० आणि दोन तासांनी ४५,०००, असंही त्याच नळीत होऊ शकतं.

लॅबमधली पडताळणी अशी. आधी नळीत लाकडी काडी फिरवून गाठ आहे का ते बघायचं. शीर नीट सापडली नाही, रक्त हळूहळू आलं किंवा नळी आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटीसुलटी केली नाही, तर साधी गाठ होते. तिथे अँटीबॉडीचा काही संबंध नाही, रक्त पुन्हा घ्यायचं. गाठ नसेल तर काचपट्टीवर स्मिअर, म्हणजे रक्ताचा पातळ थर, काढायचा आणि त्याची पिसासारखी पातळ कड आधी बघायची, कारण पुंजके ओढले जाऊन तिथेच जमतात. मधलाच भाग बघून ‘प्लेटलेट कमी’ लिहिणं ही नेहमीची चूक. पुंजके दिसले की निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या नळीत नवा नमुना घेऊन लगेच मोजायचा. त्या नळीत ०.३ मिलिलिटर सायट्रेट आणि २.७ मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे रक्त दहा टक्के पातळ झालेलं असतं. म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं. हा गुणाकार विसरला जातो, आणि नळी अर्धीच भरली तर तोही चुकतो.

काही थोड्या लोकांत सायट्रेटमध्येही पुंजके होतात. तेव्हा बोटाला टोचून थेट काचपट्टीवर स्मिअर घ्यायचा आणि डोळ्यांनी अंदाज काढायचा. १०० पटीच्या तेलाच्या भिंगाखाली पेशी एकथरी पसरलेल्या जागी दहा क्षेत्रं मोजायची, सरासरीला १५,००० ने गुणायचं. सरासरी १२ आली तर १,८०,०००. अंदाजच तो, पण ४५,००० आणि १,८०,००० यांतला फरक सांगायला पुरेसा.

अशा माणसाने काय करायचं? औषध काहीच नाही. ‘ईडीटीएमुळे प्लेटलेटचे पुंजके होतात, मोजणी सायट्रेटमध्ये करावी’ असं लिहून घेऊन तो कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावायचा. नाहीतर पुढच्या ऑपरेशनच्या वेळी किंवा डेंग्यूच्या दिवसांत पुन्हा धावाधाव होते, प्लेटलेटच्या पिशव्या मागवल्या जातात, विनाकारण स्टेरॉइड सुरू होतं.

खूण करून देणारी अँटीबॉडी

आकडा खरा निघाला, तर अँटीबॉडीमुळे होणाऱ्या प्रकारांत सर्वांत जास्त आढळणारं कारण म्हणजे इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया, बोलीत आयटीपी. अँटीबॉडी इंग्रजी वाय अक्षरासारखी असते. तिच्या दोन फांद्या प्लेटलेटवरच्या टू-बी/थ्री-एला किंवा वन-बीला चिकटतात, शेपटी बाहेर राहते. प्लीहेतल्या भक्षक पेशी ही शेपटी ओळखतात आणि प्लेटलेट गिळून टाकतात. पुंजका करण्यावर हल्ला नाही, प्लेटलेटवर ‘हिला उचला’ अशी खूण आहे. वन-बीवर बसणाऱ्या अँटीबॉडीमुळे काही वेळा प्लेटलेटच्या पृष्ठभागावरची साखर झडते आणि मग ती प्लीहेऐवजी यकृतात उचलली जाते. अशांना स्टेरॉइडचा उपयोग कमी होतो असं दिसलेलं आहे.

दोष रक्तातल्या द्रवात आहे हे कळलं ते एका धाडसातून. १९५० साली अमेरिकेत सेंट लुइसमध्ये विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने आयटीपीच्या पेशंटचं सुमारे ५०० मिलिलिटर रक्त स्वतःला टोचून घेतलं. काही तासांतच त्याच्या प्लेटलेट तळाला गेल्या, अंगावर डाग उठले, झटकाही आला. दिवसांच्या हिशेबात तो सावरला. आजच्या कुठल्याही नैतिक समितीने याला परवानगी दिली नसती, आणि ते योग्यच.

आयटीपीत शिल्लक राहिलेल्या प्लेटलेट नुकत्याच तयार झालेल्या, मोठ्या आणि कामसू असतात. म्हणून २०,००० वर आयटीपीचा पेशंट नडगीवरच्या बारीक लाल ठिपक्यांपलीकडे फारसा रक्तस्राव न होता फिरत असतो, तर केमोथेरपीनंतर त्याच आकड्याला जास्त भीती असते. प्रौढांत ३०,००० च्या वर आणि रक्तस्राव नसेल तर बहुधा फक्त लक्ष ठेवतात. लहान मुलांत तर आकड्यापेक्षा रक्तस्रावच बघतात, कारण बहुतेकांचा आजार सहा महिन्यांच्या आत आपोआप ओसरतो. तोंडात रक्ताचे फोड आले, लघवीतून किंवा शौचातून रक्त गेलं, असह्य डोकेदुखी झाली, तर आकडा न बघता दवाखाना गाठायचा.

उपचारांत प्रत्येक औषध साखळीतली वेगळी कडी तोडतं. प्रेडनिसोलोन, किलोमागे १ मिलिग्रॅम, भक्षक पेशींना आवरतं आणि अँटीबॉडीचं उत्पादन घटवतं. आयव्हीआयजी म्हणजे हजारो दात्यांच्या अँटीबॉडींचा साठा. किलोमागे १ ग्रॅम दिला की भक्षक पेशी त्यात गुंततात. ६० किलोच्या माणसाला ६० ग्रॅम लागतं, खर्च मोठा आणि परिणाम दोन ते चार आठवड्यांचा. तातडीच्या रक्तस्रावाला किंवा ऑपरेशनच्या आधी ते योग्य, कायमचा इलाज म्हणून नव्हे. एल्ट्रोम्बोपॅग आणि रोमिप्लोस्टिम मज्जेला जोर देतात, रिटुक्सिमॅब अँटीबॉडीच्या उत्पादनामागच्या बी पेशी कमी करतं. प्लीहा काढणं अजूनही चालतं, पण आता घाई करत नाहीत. पपईच्या पानांच्या रसाने यातली एकही कडी तुटत नाही.

हात बांधणारी अँटीबॉडी

आकडा २,१०,००० आहे, तरी नाकातून रक्त थांबत नाही, दात काढल्यावर तीन दिवस रक्त येत राहतं. पीटी, एपीटीटी या रक्त गोठण्याच्या चाचण्या नॉर्मल. इथे अँटीबॉडी टू-बी/थ्री-एच्या नेमक्या त्या खाचेवर बसलेली असते जिथे फायब्रिनोजेन बसायला हवं. प्लेटलेट जिवंत आहे, जागीही होते, पण पूल बांधता येत नाही. स्विस बालरोगतज्ज्ञ ग्लान्झमन यांनी १९१८ मध्ये वर्णन केलेल्या जन्मजात आजारात हा हातच नसतो. इथे हात आहे पण बांधलेला. म्हणून याला अर्जित ग्लान्झमन म्हणतात. आयटीपीच्या काही पेशंटमध्येही थोड्या प्रमाणात हेच होतं, त्यामुळे ६०,००० वरही नको तितकं रक्त जातं.

हे पकडायची चाचणी म्हणजे ॲग्रिगोमेट्री. ती १९६२ मध्ये लंडनमध्ये गुस्ताव बॉर्न यांनी मांडली. वडील मॅक्स बॉर्न पुंजभौतिकीचे, मुलगा प्लेटलेटच्या पुंजक्यांचा! तत्त्व अगदी साधं. सायट्रेटमधलं रक्त हळू फिरवून, साधारण २०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट) दहा मिनिटं, वर प्लेटलेट असलेला गढूळ प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, मिळवायचा. तो ३७ अंशांवर ढवळत ठेवून त्यातून प्रकाश सोडायचा. गढूळ द्रवातून प्रकाश कमी जातो. एडीपी टाकलं की प्लेटलेट पुंजके करतात, मधला द्रव स्वच्छ होतो आणि प्रकाश वाढतो. आलेख वर चढतो.

बांधलेल्या हातांच्या रक्तात एडीपी, कोलॅजन, ॲड्रेनालिन, ॲराकिडोनिक ॲसिड काहीही टाका, रेघ आडवीच राहते. रिस्टोसेटिन टाकलं तर मात्र चढते, कारण ते वन-बी आणि व्हॉन विलेब्रांडच्या वाटेने काम करतं आणि ती वाट मोकळी आहे. रिस्टोसेटिन मुळात अँटिबायोटिक होतं. पेशंटच्या रक्तात प्लेटलेट चिकटायला लागल्यामुळे ते औषध म्हणून बाद झालं आणि चाचणीचं द्रव्य म्हणून अजरामर झालं. मग शेवटचा डाव: निरोगी माणसाच्या प्लेटलेट पेशंटच्या प्लाझ्मात मिसळायच्या. त्यांचीही रेघ आडवी झाली, की दोष प्लेटलेटमध्ये नाही, प्लाझ्मातल्या अँटीबॉडीत आहे.

ही चाचणी नाजूक. ॲस्पिरिनची एक गोळी प्लेटलेटच्या पूर्ण आयुष्यभर पुरते, म्हणून ती ७ ते १० दिवस आधी बंद हवी, अर्थात डॉक्टरांना विचारूनच. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनही नको. नमुना फ्रिजमध्ये ठेवला की संपला. रक्त घेतल्यापासून चार तासांच्या आत काम उरकायचं असतं, त्यामुळे दूरच्या केंद्रावरून कुरिअरने पाठवलेल्या नमुन्यावर ही चाचणी करणं म्हणजे पैसे वाया.

इथे प्लेटलेटची पिशवी दिली तरी अँटीबॉडी नव्या हातांनाही बांधते. म्हणून रक्तस्रावात गुठळी टिकवणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, गंभीर असेल तर रक्त गोठवणारं सक्रिय फॅक्टर सेव्हन, आणि सोबत ल्युपस किंवा लिम्फोमासारखं मूळ कारण शोधून त्यावर उपचार. याच तत्त्वावर माणसाने औषधही बनवलं: टू-बी/थ्री-ए मुद्दाम अडवणारा अँटीबॉडीचा तुकडा ॲब्सिक्सिमॅब. १९९४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाल्यावर तो अँजिओप्लास्टीत वापरला गेला.

चिथावणी देणारी अँटीबॉडी

आता उलटी बाजू. हृदयाच्या किंवा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर हेपरिन चालू आहे आणि पाचव्या ते दहाव्या दिवशी प्लेटलेट २,४०,००० वरून ७०,००० वर येतात. हेपरिनची ऋणभारित साखळी आणि प्लेटलेटमधूनच आलेलं पीएफ-४ हे धनभारित प्रथिन एकत्र येऊन गोळा होतो, आणि अँटीबॉडी त्या गोळ्यावर बसते. तिची शेपटी या वेळी भक्षक पेशीला नव्हे, प्लेटलेटवरच्याच शेपटी ओळखणाऱ्या ग्राहकाला (रिसेप्टरला) लागते. प्लेटलेट जागी होते, आणखी पीएफ-४ सोडते, आणखी गोळे होतात. आकडा कमी होतो कारण प्लेटलेट पुंजक्यांत खर्ची पडतात. हेपरिन रक्त पातळ करण्यासाठी दिलं आणि त्यानेच गुठळ्या, असा हा उफराटा प्रकार, नाव एचआयटी.

यावरची कार्यक्षमता चाचणी बघण्यासारखी आहे. निरोगी प्लेटलेट, पेशंटचं सीरम आणि थोडं हेपरिन, मिलिलिटरमागे ०.१ ते ०.३ युनिट: पुंजके होतात. तेच १०० युनिट टाकलं तर होत नाहीत. हेपरिन जास्त झालं की गोळेच फुटतात, अँटीबॉडीला बसायला जागा उरत नाही. हे दोन्ही घडलं तरच निदान पक्कं. अँटीबॉडी आहे एवढंच सांगणारी एलायझा चाचणी नुसती पॉझिटिव्ह येणं पुरेसं नाही.

हेपरिन बंद म्हणजे सगळंच बंद: सलाईनची सुई मोकळी ठेवायला टोचतात तेही, डायलिसिसच्या कॅथेटरमध्ये भरतात तेही. चूक नेमकी तिथेच होते. दुसरी चूक म्हणजे हेपरिन थांबवून तिथेच सोडून देणं. गुठळीचा धोका त्यानंतरही राहतो, म्हणून अर्गाट्रोबॅन किंवा फोंडापॅरिनक्ससारखं दुसरं औषध लागतं. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी प्लेटलेट दीड लाखाच्या वर गेल्याशिवाय सुरू करत नाहीत. २०२१ मध्ये ॲस्ट्राझेनेकाच्या, म्हणजे आपल्याकडे कोविशील्ड नावाने आलेल्या लशीनंतर अत्यंत विरळ प्रमाणात दिसलेल्या गुठळ्यांतही पीएफ-४ वरचीच अँटीबॉडी होती, हेपरिनचा थेंबही न देता. तिथे आयव्हीआयजी उपयोगी पडलं, कारण त्याने प्लेटलेटवरचे ते ग्राहक आधीच भरून टाकले.

अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम याच गोत्रातला. अँटीबॉडी रक्तातल्या बीटा-टू ग्लायकोप्रोटीन या प्रथिनावर बसते, प्लेटलेट आणि वाहिनीचं अस्तर दोन्ही चिथावते. नळीत एपीटीटी लांबतो, शरीरात गुठळ्या होतात. चाचणी १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा पॉझिटिव्ह हवी. प्लेटलेट ८०,००० आहेत म्हणून गुठळी होणार नाही, असं इथे कुणी समजू नये.

कात्री बोथट करणारी अँटीबॉडी

शेवटचा प्रकार सर्वांत घातक, आणि यात अँटीबॉडी प्लेटलेटला शिवतही नाही. व्हॉन विलेब्रांडची दोरी तयार होते तेव्हा अतिलांब असते. अॅडमटीएस-१३ हे एन्झाइम तिचे कात्रीसारखे तुकडे करतं. अँटीबॉडीने ही कात्री निकामी केली की अखंड दोऱ्या बारीक वाहिन्यांत तरंगत राहतात आणि जखम नसतानाही प्लेटलेट वन-बीने त्यांना लटकतात. आजाराचं नाव टीटीपी. १९२४ मध्ये मोशकोविट्झ यांनी न्यूयॉर्कमधल्या १६ वर्षांच्या मुलीत त्याचं वर्णन केलं. कात्री २००१ पर्यंत ओळखता आली नव्हती. अडकलेल्या वाहिन्यांतून जाताना तांबड्या पेशी चिरल्या जातात. स्मिअरवर त्या हेल्मेटच्या आकाराच्या दिसतात. प्लेटलेट कमी, हिमोग्लोबिन कमी, एलडीएच (पेशी फुटल्यावर बाहेर पडणारं एन्झाइम) खूप वाढलेलं, कूम्ब्स (तांबड्या पेशींवरच्या अँटीबॉडीची चाचणी) निगेटिव्ह, पीटी-एपीटीटी बहुधा नॉर्मल: ही जुळणी दिसली की रात्रीचे दोन वाजले असले तरी थांबायचं नाही. उपचाराविना दहातले नऊ दगावतात. प्लाझ्मा बदलला तर बहुतेक वाचतात.

कात्रीची पातळी १० टक्क्यांच्या खाली असेल तर निदान पक्कं, पण रिपोर्टला बहुतेक ठिकाणी काही दिवस लागतात. तोवर प्लाझ्मिक स्कोअरवर निर्णय घेतात: प्लेटलेट ३०,००० च्या खाली, तांबड्या पेशी फुटल्याचा पुरावा, कॅन्सर नाही, प्रत्यारोपण नाही, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ९० पेक्षा कमी, आयएनआर (पीटीवरून काढलेलं प्रमाण) १.५ पेक्षा कमी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) २ पेक्षा कमी. सातपैकी सहा-सात आले तर प्लाझ्मा एक्सचेंज, म्हणजे पेशंटचा प्लाझ्मा काढून दात्यांचा घालणं, सुरू. ६० किलोच्या माणसाचा प्लाझ्मा साधारण २.४ लिटर, म्हणजे २०० मिलिलिटरच्या बारा पिशव्या, त्याही रोज. रक्तपेढीला पहिल्याच फोनमध्ये हा हिशेब सांगितलेला बरा. मशीन असलेलं रुग्णालय दूर असेल तर निघण्यापूर्वी साधा प्लाझ्मा सुरू करतात. त्यातही दात्यांची कात्री असतेच. प्लेटलेटची पिशवी मात्र जिवावरचा रक्तस्राव असल्याशिवाय देत नाहीत.

अॅडमटीएसचा नमुना प्लाझ्माची पहिली पिशवी लावण्यापूर्वी घ्यायचा, आणि सायट्रेटच्या नळीत. प्लाझ्मा दिल्यानंतर घेतला तर मोजली जाते ती दात्याची कात्री. ईडीटीएत घेतला तर कात्री चालतच नाही, कारण तिलाही कॅल्शियम आणि जस्त लागतं. बरं झाल्यावरही ही तपासणी सुरू ठेवतात, सुरुवातीला महिन्याला, नंतर तीन महिन्यांनी. पातळी पुन्हा घसरू लागली तर प्लेटलेट अजून तीन लाख असतानाच रिटुक्सिमॅब देता येतं.